बोर्डो आपल्याला ठाऊक आहे, पण फवारणीपुरतं

निफाड, दिंडोरी, नारायणगाव, तासगाव, पलूस. महाराष्ट्रातल्या कुठल्याही द्राक्षपट्ट्यात जा, 'बोर्डो' हा शब्द शाळकरी पोरालाही माहीत असतो. मोरचूद आणि चुना पाण्यात कालवायचा, निळसर द्रावण तयार करायचं आणि डाऊनीच्या भीतीनं बागेवर मारायचं. पावसाळी वातावरणात सकाळी दोन बागायतदार भेटले की पहिला प्रश्न तोच, "बोर्डो मारला का?"

बोर्डो हे फ्रान्समधल्या एका शहराचं नाव आहे आणि ते शहर गेली कित्येक शतकं वाईनसाठी ओळखलं जातं, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. त्या गावची फवारणी आपण घेतली, वाईन घेतली नाही. वाईन प्यायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. माझा मुद्दा पिण्याचा नाही, ज्ञानाचा आहे. आणि त्या ज्ञानाच्या अभावाची किंमत द्राक्ष उत्पादकानं कशी मोजली, याचा आहे. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

आधी त्या बोर्डोची गोष्ट.

१८६० च्या दशकात फ्रान्समधल्या द्राक्षबागा अचानक वाळू लागल्या. अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबर फायलॉक्सेरा नावाची मुळांतून रस शोषणारी बारीक कीड आली होती. युरोपातल्या वेलींना तिची सवयच नव्हती. जिल्हेच्या जिल्हे उजाड झाले. औषधं झाली, बागेत पाणी तुंबवून ठेवण्याचे प्रयोग झाले. शेवटी उपाय सापडला तोही अमेरिकेतच. तिथल्या जंगली वेलींच्या मुळांना ही कीड फारसं काही करू शकत नव्हती. मग मूळ अमेरिकेचं आणि वरचं डोळं फ्रान्सचं, असं कलम करायला सुरुवात झाली. या कामी टेक्सासमधल्या टी. व्ही. मन्सन नावाच्या माणसानं फ्रेंचांना मोठी मदत केली.

आपल्याकडं आज बागायतदार 'डॉगरिज'वर कलम करतो. पाणी कमी, जमीन चोपण, तरी वेल तग धरतो म्हणून. तो डॉगरिजही मूळचा टेक्सासचाच. म्हणजे आपल्या बागेच्या मुळाशी, अगदी शब्दशः, वाईनच्या इतिहासातलं एक संकट उभं आहे.

संकट एकटं येत नाही. किडीवर उतारा म्हणून आणलेल्या अमेरिकन वेलींबरोबर आणखी एक पाहुणा आला, डाऊनी. १८७८ च्या सुमारास तो फ्रान्समध्ये दिसला. बोर्डोजवळच्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी मोरचूद आणि चुन्याचं पाणी शिंपडत. कारण काय, तर येणारे-जाणारे द्राक्षं चोरतात, निळसर डाग दिसला की विषारी समजून हात लावणार नाहीत. बोर्डो विद्यापीठातल्या मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की रस्त्याकडेच्या वेलींची पानं हिरवीगार आहेत आणि आतल्या झडल्यात. त्यानं प्रयोग केले, १८८५ मध्ये निष्कर्ष मांडले. चोरांसाठी केलेली युक्ती जगभरच्या शेतीचं औषध झाली.

हे सगळं आपल्यापर्यंत पोहोचलं. कलम आलं, फवारणी आली. मग चव ओळखण्याचं ज्ञान का नाही आलं?

एक कारण आपल्या चौकाचौकात लटकलेलं आहे. तालुक्याच्या गावी 'वाईन शॉप' अशी पाटी असलेलं दुकान बघा. आत व्हिस्की, रम, बिअर, सगळं मिळतं. वाईन विचारली तर दुकानदार वरच्या फळीवरची धूळ बसलेली एखादी बाटली काढतो, किंवा चेहऱ्याकडं बघतो. आपल्या दोन-तीन पिढ्यांना वाईन म्हणजे दारूचं सभ्य नाव, एवढंच त्या पाटीनं शिकवलं. वाईनमध्ये अल्कोहोल असतंच, साधारण ११ ते १४ टक्के. ती दारू नाही असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण ऊर्ध्वपातन करून काढलेली दारू आणि द्राक्षाचा रस आंबवून झालेली वाईन या दोन वेगळ्या रीती आहेत. एवढा साधा फरकही आपल्याकडं पाटीखाली गाडला गेला.

खरं तर हा फरक आपल्या पूर्वजांना चांगला माहीत होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याचं स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात द्राक्षाच्या रसापासून होणाऱ्या मद्याला 'मधु' म्हटलंय आणि त्याचे प्रकार प्रदेशाच्या नावानं ओळखावेत असं सांगितलंय, कापिशायन आणि हारहूरक. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातला भाग. माल कुठला यावरून त्याची ओळख, हे तत्त्व फ्रान्सनं कायद्यात आणण्याच्या किती आधी आपल्याकडं लिहून ठेवलेलं होतं बघा. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी प्रवासवर्णनात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात वाईन आहे आणि इटलीच्या वाईनला तिथं पसंती असल्याची नोंदही आहे. त्याच ग्रंथात पैठण आणि तेरहून भडोचला जाणाऱ्या मालाचा उल्लेख येतो. नेवाशाच्या उत्खननात परदेशी उंच कुंभांचे तुकडे मिळाले. ते सगळे रोमन समजले गेले होते. पुढं अभ्यासकांनी त्यातले काही मेसोपोटेमियाकडचे असल्याचं दाखवलं. कुठूनही आलेले असोत, सातवाहनांच्या महाराष्ट्राचा समुद्रापलीकडच्या मालाशी संबंध होता एवढं नक्की. चौदाव्या शतकात इब्न बतूतानं दौलताबादच्या द्राक्षांची तारीफ केली, वर्षातून दोनदा फळ येतं असं लिहिलं.

आता फ्रान्समध्ये ही 'कुठली वाईन' ही भानगड कायद्यात कशी आली, ते ऐकण्यासारखं आहे. कारण ते काही शौकिनांनी केलं नाही. शेतकऱ्यांनी केलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण फ्रान्समध्ये वाईनचे भाव पडले. उत्पादन जास्त झालं होतं, शिवाय बाजारात साखर-पाणी घालून केलेली बनावट वाईन धो धो येत होती. १९०७ मध्ये मार्सलँ अल्बेर नावाच्या एका छोट्या बागायतदाराच्या मागं लोक जमायला लागले. दर रविवारी मोर्चा, दर वेळी गर्दी वाढलेली. ९ जूनला मोंपेलिए शहरात लाखोंचा जमाव झाला. सरकारनं सैन्य पाठवलं, नार्बोनमध्ये गोळीबार झाला, माणसं मेली. स्थानिक पोरांनी भरलेल्या एका पलटणीनं बंड केलं. महिनाअखेर सरकारनं भेसळीविरोधात कायदा केला. पुढं १९३५ मध्ये मूळ स्थानाच्या नावाला कायदेशीर संरक्षण देणारी व्यवस्था आली. अमुक नाव लावायचं तर द्राक्ष अमुक शिवारातलंच, अमुक जातीचं, एकरी उतारा अमुकपेक्षा जास्त नाही. आज आपण ज्याला भौगोलिक मानांकन म्हणतो, त्याच्या मुळाशी रस्त्यावर उतरलेला बागायतदार आहे. 'नाशिक व्हॅली वाईन'ला असं मानांकन मिळालंय. पण ते शिवारातल्या किती जणांना माहीत आहे, एकदा विचारून बघा.

दुसरी गोष्ट १९७६ ची. ही पत्रकारांनी तर जरूर वाचावी.

पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर नावाचा एक इंग्रज वाईनचं दुकान आणि शाळा चालवायचा. त्यानं २४ मे रोजी एक चाचणी ठेवली. फ्रान्सच्या नामवंत वाईन आणि कॅलिफोर्नियाच्या नवख्या वाईन, लेबल झाकून. नऊ परीक्षक, सगळे फ्रेंच, सगळे त्या क्षेत्रातले दिग्गज. निकाल काय लागणार हे सगळ्यांना 'माहीत' होतं, त्यामुळं वार्ताहर कुणी फिरकलाच नाही. एकटा 'टाइम'चा जॉर्ज टेबर गेला. त्याच्या हातात वाईनच्या क्रमाची यादी होती, परीक्षकांच्या हातात नव्हती. परीक्षक एखाद्या वाईनला 'अस्सल फ्रान्स' म्हणत होते आणि टेबरच्या यादीत ती कॅलिफोर्नियाची निघत होती. शेवटी पांढऱ्यात शातो माँटेलेना आणि लालमध्ये स्टॅग्ज लीप, दोन्ही कॅलिफोर्नियाच्या, पहिल्या आल्या. फ्रान्समधल्या एका वाईन मासिकाच्या संपादक असलेल्या परीक्षक बाईंनी आपल्या गुणांचे कागद परत मागितले.

या घटनेतून बरेच जण 'तज्ज्ञ वगैरे सगळं ढोंग असतं' असा अर्थ काढतात. २००१ मध्ये बोर्डोतच झालेला एक प्रयोगही त्यासाठी सांगितला जातो. ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाईनमध्ये चव नसलेला लाल रंग घालून दिला, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केलं. डोळा नाकाला फसवतो, हे त्यातून दिसलं.

पण मला उलट दिसतं. पॅरिसमध्ये लेबल झाकलं तेव्हाच त्या नऊ जणांची जीभ प्रामाणिक झाली. मान्यता नसलेल्या मुलखातलं चांगलं त्यांनी चांगलं म्हणून ओळखलं, कारण ओळखण्याचं शिक्षण त्यांच्याकडं होतं. ढोंग लेबलात होतं, जिभेत नव्हतं. आणि त्या एका निकालानं कॅलिफोर्नियातल्या बागायतदाराचं नशीब पालटलं.

आता घरी येऊ.

आपल्याकडं १९८० च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं फेसाळ वाईन केली, ती 'ओमर खय्याम' नावानं परदेशात गेली. पुढं नाशिकला राजीव सामंत यांनी सोव्हिन्यॉं ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या जाती लावल्या आणि २००० मध्ये 'सुला'ची पहिली वाईन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं. उत्पादन शुल्कात सवलत, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क. पाहता पाहता वायनऱ्या उभ्या राहिल्या. बागायतदारांनी करार केले, खाण्याची द्राक्षं काढून वाईनच्या जाती लावल्या. बारीक मणी, जाड साल, आत बी. जीए मारून मणी फुगवायचा नाही, उतारा मुद्दाम कमी ठेवायचा. आयुष्यभर शिकलेलं सगळं उलटं करायचं.

२००८ ची मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. वाईन टाक्यांत पडून राहिली. पुढच्या हंगामात वायनऱ्यांनी माल उचलायला नकार दिला किंवा भाव पाडला. नारायणगावची ती नामांकित कंपनीही कर्जाखाली कोसळली. खाण्याचं द्राक्ष निदान हातगाडीवर विकता येतं, बेदाण्याला टाकता येतं. वाईनचं द्राक्ष कोण खाणार? बागा तुटल्या. काहींनी त्याच खुंटावर पुन्हा खाण्याच्या जातीचं कलम केलं.

मंदी, हल्ला, कर्ज ही कारणं खरीच. पण त्या काळात या पट्ट्यात बातमीदारी करताना मला एक गोष्ट ठळक दिसली. धोरणात टाकी होती, जमीन होती, सवलत होती. चव नव्हती. वाईन कोण पिणार, कशी निवडणार, चांगली-वाईट कशी ठरवणार, यावर एक ओळ खर्च झाली नाही. आणि बागायतदाराला तर त्या साखळीतून पहिल्याच पायरीवर बाहेर ठेवलं. त्यानं ब्रिक्स मोजून द्यायचा, ट्रॅक्टर रिकामा करायचा, घरी जायचं. आपल्या मालाचं पुढं काय झालं हे त्याला कधी कळलंच नाही. ज्याला आपल्या मालाचा दर्जा सांगता येत नाही, त्याला भाव मागता येत नाही. तासगावच्या बेदाणा सौद्यात शेतकरी मूठभर बेदाणा हातात घेऊन व्यापाऱ्याशी भांडू शकतो, कारण रंग, साल, गोडी दोघांनाही कळते. वाईनच्या बाबतीत ती मूठ फक्त एकाच बाजूला होती.

आणि चव शिकणं म्हणजे काही ब्रह्मविद्या नाही. १९८४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या प्राध्यापक अ‍ॅन नोबल यांनी एक चक्र तयार केलं. वाईनमधल्या वासांना साधी, सगळ्यांना समजतील अशी नावं. 'खानदानी', 'रुबाबदार' असले हवेतले शब्द नकोत. फळ कुठलं, फूल कुठलं, मसाला कुठला ते सांगा. त्यांचं चक्र तिकडच्या फळांचं आहे. आपण आपलं करू शकतो. सोव्हिन्यॉं ब्लाँमध्ये पेरू सापडतो, तो आपल्याला शिकवायला कुणी नको. शिराझमध्ये मिरीचा वास येतो, तो कल्पनेतला नाही. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की मिरीत असणारं रोटंडोन नावाचं द्रव्यच शिराझच्या द्राक्षात असतं. लाल वाईन जिभेला आखडते तो तुरटपणा सालीतल्या आणि बीमधल्या टॅनिनचा, कच्चं जांभूळ खाल्ल्यावर होतं तेच. आंबटपणा ओळखायचा तर घोट गिळल्यावर तोंडाला किती पाणी सुटतं ते बघा. घशात ऊब जाणवते ती अल्कोहोलची. पांढऱ्या कागदासमोर ग्लास धरून रंग बघायचा, ग्लास गोल फिरवून वास घ्यायचा, छोटा घोट तोंडात घोळवायचा, नंतर चव किती वेळ टिकते ते मोजायचं. जगभरचे परीक्षक तर घोट थुंकून टाकतात. चव घेणं आणि पिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या थुंकदाणीवरूनच समजावं.

दोनेक वर्षांपूर्वी एका वायनरीत बातमीसाठी गेलो होतो. सोबत ओळखीतले एक बागायतदार, सगळे त्यांना आबा म्हणतात. अकरा हंगाम त्यांनी तिथं द्राक्ष घातलं होतं. माळकरी नाहीत, पण घोट कधी घेतलेला नव्हता. "आपला माल आहे, बघू तरी," म्हणाले. तिथल्या पोरानं दोन ग्लास ठेवले, एकाच जातीचे, दोन वेगळ्या वर्षांचे. आबांनी एकेक घोट तोंडात घोळवला, दुसऱ्या ग्लासकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, "पत्रकार, ही द्राक्षं उशिरा तोडलीत. आंबट गेलंय." पोरगं आत जाऊन विचारून आलं. त्या वर्षी मजूर मिळाले नव्हते, तोडणी आठ-दहा दिवस लांबली होती.

कसलाही कोर्स न केलेला माणूस. आयुष्यभर मणी तोंडात टाकून तोडणीचा दिवस ठरवलेली जीभ. तिला फक्त संधी मिळाली नव्हती. अकरा वर्षं!

२०१६ मध्ये सोनल हॉलंड या भारतातल्या पहिल्या मास्टर ऑफ वाईन झाल्या. जगातली अत्यंत कठीण परीक्षा आहे ती. आनंदाची गोष्ट. पण अशी विद्या मुंबई-दिल्लीतल्या हॉटेलांपर्यंतच थांबली तर द्राक्षपट्ट्याला काय?

२७ जानेवारी २०२२ ला तेव्हाच्या मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. मग काय झालं ते तुम्हाला आठवतच असेल. एका बाजूनं 'वाईन म्हणजे दारू नाही', दुसऱ्या बाजूनं 'महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र'. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय कागदावरच राहिला. दोन्ही बाजू शेतकऱ्याचं नाव घेत होत्या. पण वाईनच्या द्राक्षाचा भाव कोण ठरवतं, करार मोडला तर दाद कुठं मागायची, दर्जा कोण तपासतं, यातला एकही प्रश्न मला त्या वादात ऐकू आला नाही.

दारूनं उद्ध्वस्त झालेली घरं मी बातमीदार म्हणून जवळून पाहिलीत. दारूबंदीसाठी झगडणाऱ्या बायांच्या बातम्या केल्यात आणि पुढंही करीन. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही. त्यामुळं गावोगाव वाईन विका असं माझं म्हणणं नाही. पण वायनऱ्या आहेत, राहणार आहेत, माल आपल्याच शिवारातून जाणार आहे. मग जो पिकवतो त्याला त्या मालाची पारख असलीच पाहिजे.

२०१० मध्ये आपल्या निर्यातीच्या द्राक्षांत सीसीसीचा अंश सापडला म्हणून कंटेनर युरोपात अडकले. बागायतदारांना केवढा फटका बसला! पण त्यानंतर हाच बागायतदार औषधांचे अंश दशांश चिन्हापर्यंत शिकला. चौथी नापास माणूससुद्धा आज पीपीएममध्ये बोलतो. गरज कळली की आपला शेतकरी काहीही शिकतो.

म्हणून मागण्या साध्या आहेत. वाईनच्या द्राक्षाच्या करारात दर्जाची मोजमापं मराठीत लिहिलेली असावीत आणि भाव त्याला जोडलेला असावा. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रासारख्या संस्थेनं वर्षातून एकदा द्राक्षपट्ट्यात येऊन, लेबल झाकून, उत्पादकांसमोर त्यांच्याच मालाची चाचणी करावी. ज्यांना घोट घ्यायचा नाही त्यांनी वास घ्यावा, आकडे बघावेत. आणि बाटलीवर जिथं कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात असतं, तिथं ज्या शिवारातून द्राक्ष आलं त्या गावाचं नाव निदान बारीक अक्षरात तरी छापावं.

यावर वाद जरूर घाला. फक्त 'दारूचा प्रचार' एवढ्यावर थांबू नका. तुमच्या भागात २००८ नंतर कुणी वाईनची बाग तोडली असेल, तर त्या माणसाला विचारून इथं लिहा: करारात काय होतं, आणि त्यानं आपल्या द्राक्षाची वाईन कधी चाखली होती का?